सुपडूचं अनावरण

सात वाजता शटर अर्धं ओढतो.
आतल्या खोलीत लाल बल्ब, तीन ट्रे,
आणि हायपोचा तो वास,
जो माझ्या उशीलाही येतो असं बायको म्हणते.

दिवसभर मी पाचोऱ्याचे चेहरे कापतो,
फॉर्मला, पासला, शाळेच्या दाखल्याला.
मान सरळ. कान दिसू द्या. हसू नका.
रात्री पुतळे घेतो. त्यांना हे सांगावं लागत नाही.

बागेतले जिनिंगवाले हरकलाल शेठ,
सिमेंटचा फेटा, हात पुढे, तर्जनी तुटलेली.
चाळीस वर्षांत त्यांना कुणी जागचं हलवलं नव्हतं.
मी जामनेरच्या छोट्या गाडीच्या टपावर उभे केले.
वरखेडीच्या पुढे बाभळी रुळांवर वाकलेल्या,
त्या शेठ हाताने बाजूला सारत निघाले.
गाडी आता बंद. जिनिंग तर तिच्याही आधी.
निगेटिव्हला कुणी कळवलेलं नाही.

कोरड्या कारंज्यातली घागरवाली
नेली हिवऱ्याकाठी, भरिताच्या पंगतीला.
घागर कमरेवरून निघेना, सिमेंटच ते,
म्हणून एका हाताने सोलायला दिलं वांगं.
धूर तुरकाठ्यांचा. डोळे तिचे कोरडेच.
फाटकावरचा सिंह, ज्याला खालचा जबडा नाही,
न्हाव्याच्या खुर्चीत बसवला, गळ्याला टॉवेल.
न्हावी विचारात पडलेला.

काळ्या-पांढऱ्यात एक बरं असतं:
दगड आणि कातडी एकाच घराण्यातले निघतात.
दोघांचा राखाडी तोच.
कडेला ब्रशचं एक केस फिरवलं
की शिवण कुठे ते मलाही सापडत नाही.

भाचीला सापडली. नऊ वर्षांची, तेजल.
"मामा, गाडीची सावली इकडे,
शेठची तिकडे."
म्हटलं, शेठ सकाळी साडेआठचे आहेत,
गाडी दुपारची.
"मग ते भेटले कधी?"
ट्रेमधलं पाणी हलवत राहिलो.

बागेचा राखणदार सुपडू.
आधीची तिघं गेली म्हणून
आईने सुपात घालून ओढला, नाव तेच राहिलं.
शेठना दर सालाला तोच धुतो,
कबुतरांचं सगळं खरवडतो, कानामागचंही.
फोटो बघून हसला, मग गप्प झाला.
म्हणाला, "माले बी चढाव ना वर."

स्टुलावर उभा केला. पुतळ्यासारखा राहा म्हटलं
तर श्वासच धरून बसला.
तीन फ्रेम फुकट. चौथीत खोकला,
आणि तीच चांगली आली.
रिकामा चौथरा, त्यावर सुपडू,
खांद्यावर शेठचंच कबुतर, उसनं.

बराच वेळ धरून बघितला त्याने.
"मंग खाले झाडी कोन?"

त्याचं बरोबर होतं. परत आत गेलो.
शेठना खाली उतरवलं, पुढे केलेल्या हातात
खराटा ठेवला, आणि तो असा बसला
जणू हात ओतताना कारागिराच्या मनात
खराटाच होता.

फोटो आता राखणदाराच्या खोलीत आहे,
खिळ्याला, पंपाच्या चावीच्या वर.
परवा नगरपालिकेचे कुणी साहेब आले,
चष्मा पुसून जवळ गेले.
हा कुठला पुतळा? अनावरण कधीचं?
सुपडू उठून उभा राहिला,
आपली जन्मतारीख त्याला कुणी कधी विचारली नव्हती.

"माय सांगे," म्हणाला,
"जवारी कापाना टाइमले."

साहेबांनी ते लिहून घेतलं.
सावल्या मी या वेळीही जुळवल्या नाहीत.